आजीची बाटली आणि चिमूटभर मीठ

आमच्या आजीला मिरगी होती. आमचे गाव मंगरूळपीर तालुक्यातले. तेव्हा जिल्हा अकोला. वाशीम जिल्हा १९९८ साली झाला. आजीला झटका आला की शेजारपाजारचे लोक चप्पल नाहीतर कांदा हुंगवायला धावत. आजोबांनी १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली, गावी येऊन घरातले देव विहिरीत टाकले. पण लोकांच्या मनातली भीती काही त्या विहिरीत बुडाली नाही.

आजीसाठी दवाखान्यातून मिक्श्चरची बाटली यायची. बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी, एका खुणेला एक डोस. चव खारट-कडवट. त्यात पोटॅशियम ब्रोमाईड होते. मिरगीवर त्याचा गुण येतो हे १८५७ साली लंडनचे डॉ. चार्ल्स लोकॉक यांनी सांगितले. १९१२ साली त्याहून चांगले फेनोबार्बिटोन आले, तरी ब्रोमाईड पुढेही बरीच वर्षे चालले.

आजीचे झटके कमी झाले. मग कोणीतरी सांगितले, "मिरगीला मीठ वाईट, अळणी खा." आजीने मीठ सोडले. दीड महिन्यात तिची जीभ अडखळू लागली, तोंडावर पुरळ आले, ती आमची नावे विसरली. रात्री तिला कोपऱ्यात माणसे दिसू लागली. "बाहेरचं लागलं, भगत बोलवा," असे लोक म्हणू लागले. आजोबा म्हणाले, "भगत नाही, डॉक्टर."

अकोल्याच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "बाई, जेवता काय?"

खरे कारण तिथेच होते. मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड. क्लोरीन आणि ब्रोमीन एकाच कुळातली मूलद्रव्ये, म्हणून शरीर क्लोराईड आणि ब्रोमाईड यांना जवळपास सारखेच वागवते. पोटात मीठ गेले तर लघवीवाटे ब्रोमाईडही बाहेर पडते. मीठ तोडले की शरीर ब्रोमाईड धरून ठेवते. एरवीही निम्मे ब्रोमाईड बाहेर पडायला सुमारे बारा दिवस लागतात. डोस तेवढाच राहिला, आत साठा मात्र वाढत गेला.

डॉक्टरांनी मिक्श्चर बंद करून दुसरे औषध दिले, जेवणात मीठ सुरू केले, भरपूर पाणी प्यायला सांगितले. महिन्याभरात आजीने आम्हा भावंडांना एकेकाच्या नावाने हाक मारली.

आज मिरगीवर याहून चांगल्या गोळ्या आहेत. मायबहिणींनो, त्या आपल्या मनाने बंद करू नका, कोणी सांगितले म्हणून पथ्यही धरू नका. काय खाता, काय सोडले, ते डॉक्टरांना सांगा. बाबासाहेबांनी आपल्याला प्रश्न विचारायला शिकवले. त्या दिवशी एका साध्या प्रश्नानेच आमची आजी वाचली.