शोधग्राम : जंगलातून घराघरात

नागपूरहून ब्रह्मपुरीमार्गे निघाल्यावर वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा सुरू होतो. गडचिरोली शहरापासून धानोऱ्याच्या रस्त्याने सुमारे १७ किलोमीटरवर, चातगावजवळच्या रानात शोधग्राम वसले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या सेवाभावी संस्थेचा हा परिसर. येथील रुग्णालयाची रचना आदिवासी गावासारखी आहे आणि त्याला नाव आहे दंतेश्वरी देवीचे.

परंतु येथील सर्वांत मोठे कार्य रुग्णालयाच्या भिंतींबाहेर घडले. १९८८ साली या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२१ बालके वर्षाच्या आत दगावत. दवाखाना दूर, आणि बाळंतीण व तान्हे बाळ घराबाहेर नेण्याची रीत नाही. तेव्हा संस्थेने उपचारच घरी नेले. गावातीलच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, स्तनपानास साहाय्य करणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, ही कामे त्या करू लागल्या. ३९ गावांतील या प्रयोगाने नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाला पुढचा प्रश्न सुचतो : एक शाखा उत्तम चालली, म्हणून शंभर चालतील काय? ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातील सात संस्थांनी हीच पद्धत आपापल्या क्षेत्रात राबविली. २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी ठरावीक दिवशी भेटी देऊ लागल्या. मात्र इंजेक्शनचे काम त्यांच्याकडे सोपविले गेले नाही. विस्तारात पद्धतीचा एक महत्त्वाचा भाग असा मागे राहिला.

मूळ प्रयोगात आणखी एक गोष्ट होती, जी छायाचित्रात दिसत नाही. दर पंधरवड्याला डॉक्टर गावी जाऊन आरोग्यदूतांच्या नोंदी पडताळीत आणि त्यांना शिकवीत. पुस्तिका व वजनकाटा एका दिवसात हजार गावी पाठविता येतात. ही तपासणी तशी पाठविता येत नाही. तिला माणसे, वाहन आणि दरमहा खर्च लागतो.

आपल्या व्यापारी समाजात दवाखान्याच्या खोलीसाठी देणगी देणारे पुष्कळ आहेत. अशा संस्थेस भेट द्याल तेव्हा इमारत अवश्य पाहावी. पण पर्यवेक्षकांचा प्रवास आणि कार्यकर्त्यांचे फेरप्रशिक्षण यांसाठी तरतूद किती, हेही विचारावे. त्या खर्चावर नावाची पाटी लागत नाही. तान्ह्या बाळाच्या घरची भेट मात्र त्याच खर्चावर टिकते.