पसंतीक्रम आणि सूर्यास्त



बारावीच्या वर्षात मुलांपेक्षा आयांचं डोकं जास्त तापतं. पूर्वी चौकशी असायची ती "किती टक्के पडले?" एवढीच. आता मंदिरात भेटलेली प्रत्येक जण विचारते, "रँकिंग काय त्या कॉलेजचं?" आमच्या लेकीला शुद्ध विज्ञान शिकायचंय, रसायनशास्त्र. त्यामुळे निम्म्या नातेवाइकांनी आधीच मान हलवली. उरलेल्यांनी याद्या पाठवल्या.

आमचे हे खोपोलीच्या कारखान्यात नोकरीला, घर कर्जतला, माझं माहेर सांगलीकडचं. घरात कोणी यापूर्वी पदवीसाठी राज्याबाहेर गेलेलं नाही. म्हणून मी याद्यांचा अभ्यासच करायचं ठरवलं. दुपारी डाळ-तांदूळ निवडायचे आणि मग मोबाइल घेऊन बसायचं, असे दोन महिने गेले.

आपल्या सरकारची यादी म्हणजे एनआयआरएफ. पहिली क्रमवारी २०१६ साली आली. विद्यापीठांच्या यादीत तेव्हापासून २०२५पर्यंत बेंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स पहिली. सगळ्या संस्थांच्या एकत्र यादीत मात्र २०१९पासून २०२५पर्यंत आयआयटी मद्रास पहिली. आता क्यूएसची जागतिक यादी उघडा. तिच्या २०२५च्या आवृत्तीत भारतात सगळ्यांत वर पवईची आयआयटी, ११८व्या क्रमांकावर, आणि मद्रास २२७वर! आमचे हे म्हणाले, "पहिला नंबर म्हणजे पहिला, त्यात दोन मतं कशी?" मतं दोन नाहीत, माप दोन आहेत. क्यूएस इतर प्राध्यापकांच्या मताला, म्हणजे नावलौकिकाला, ३० टक्के वजन देते. आपली यादी विद्यापीठांना शिकवणं आणि साधनं यासाठी ३०, संशोधनासाठी ३०, पदवीनंतर मुलांचं काय होतं यासाठी २०, मुली, परराज्यांतली आणि गरीब घरची मुलं किती यासाठी १० आणि नावलौकिकासाठी १० टक्के देते. पायलीच्या मापाने तेल मोजलं तर आकडा येईलच की. पण तो डाळीच्या आकड्याशेजारी ठेवून काय कळणार?

आणखी एक गंमत. लेकीच्या मनातली आयझर मी विद्यापीठांच्या यादीत शोधशोध शोधली, सापडेचना. आयझर आणि आयआयटी त्या यादीत नसतातच, त्या एकत्रित यादीत पाहायच्या. उगाच "यादीत नावसुद्धा नाही" म्हणून कोणी घाबरवलं तर हे लक्षात ठेवा.

क्रमांकापेक्षा मला उपयोग झाला तो त्याच संकेतस्थळावरच्या पीडीएफचा. प्रत्येक संस्थेने स्वतः भरून दिलेली माहिती तिथे असते. मुलं किती, मुली किती, राज्यातले किती, बाहेरचे किती, पास होऊन नोकरीला किती लागले, पुढे शिकायला किती गेले. शुद्ध विज्ञानाच्या मुलीसाठी हा शेवटचा आकडा पगाराच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा. आणि मुलींचा आकडा तर आईने आधी बघावा. वर्गात दहाच मुली असतील तर वसतिगृहातली संध्याकाळ कशी जाते ते क्रमांक सांगत नाही.

संध्याकाळ म्हटलं, कारण आमच्या घरातला खरा प्रश्न तोच होता. माझी लेक लहानपणापासून सूर्यास्तानंतर जेवत नाही. आम्ही याला रात्रिभोजन त्याग म्हणतो, कर्जतच्या बाजारपेठेतल्या मारवाडी वहिनी चोविहार म्हणतात. कंदमुळं नाहीत. कर्जत स्टेशनचा बटाटेवडा सगळ्या जगाला माहीत, आमच्या घरी वडा कच्च्या केळ्याचा. हे सगळं मी शिकवलं असलं तरी आता तिचं आहे. बारावीत क्लास उशिरा सुटायचा, तेव्हा ती पाचला डबा खाऊन घ्यायची, मला न सांगता.

बहुतेक वसतिगृहांत रात्रीचं जेवण सात-साडेसातला सुरू होतं. प्रॅक्टिकल पाच-साडेपाचला संपतं. मधल्या वेळात चहा आणि काहीतरी तळलेलं, त्यात बटाटा ठरलेला.

सासूबाईंचं म्हणणं, मग घरूनच जा. माटुंग्याचं केमिकल टेक्नॉलॉजी काय वाईट आहे? वाईट कसलं! १९३३ सालची संस्था, माशेलकर सर तिथलेच. पण घरून जायचं म्हणजे पहाटेची लोकल, जाताना दोन तास, येताना दोन तास. आम्ही हिशोब मांडला. डिसेंबरात सूर्य मावळतो सहाच्या सुमाराला. त्या वेळी पोरगी कल्याण आणि बदलापूरच्या मध्ये, लेडीज डब्यात उभी. म्हणजे घरी राहूनही आईच्या हातचं गरम जेवण सूर्यास्ताआधी मिळणार नाहीच. तो मुद्दा तिथेच मिटला, सासूबाईंनीच मिटवला.

आयझर सात आहेत. पुणे आणि कोलकाता २००६चे, मग मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि ब्रह्मपूर. सगळ्यांना एकच परीक्षा, मग पसंतीक्रम भरायचा. लेकीने एका वहीत सातही ठिकाणं लिहिली आणि प्रत्येकापुढे डिसेंबरातला सूर्यास्त. तिरुवनंतपुरम सहाच्या पुढे, पुणे सहाच्या आसपास, मोहाली साडेपाचच्या आधी, कोलकाता तर पाचच्याही आधी. अशी क्रमवारी कुठली यादी देते? मी मनात म्हटलं, कोलकाता गेलं खाली. पुणे तर आपलंच. कर्जतला मागून इंजिन जोडलं, घाट चढला, की आलं पुणे.

याच सुमाराला कोणीतरी आमच्या ग्रुपवर पवईची जुनी बातमी टाकली. २०२३ साली तिथल्या मेसमध्ये काही टेबलं फक्त शाकाहारी मुलांसाठी ठेवण्यावरून वाद झाला होता, मुलांनी विरोध केला, दंड झाला. ग्रुपवर बायकांचे दोन तट पडले. "आपल्या मुलांची सोय नको का?" एक बाजू. मलाही आधी तेच वाटलं. पण लेक म्हणाली, "मला वेगळं टेबल नकोच आहे आई. भाजीचा डाव वेगळा असला की झालं. टेबल वेगळं केलं तर मी बोलू कुणाशी?"

मला माझे आजोबा आठवले. ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. शाहू महाराजांच्या काळात जातीजातींची बोर्डिंगं निघाली, त्यातलं हे एक. आपल्या समाजाची एक पिढी त्या पंगतीत जेवून वकील-मास्तर झाली, ते उपकार मोठे आहेत. पण त्याच बोर्डिंगात राहिलेले कुंभोजचे भाऊराव पाटील, आपलेच, तिथल्या सोवळ्याओवळ्याशी जमलं नाही म्हणून बाहेर पडले. त्यांनी १९१९ला रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ला साताऱ्यात असं वसतिगृह काढलं की सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. व्रत मोडा असं काही त्यात नव्हतं. आजोबा दोघांचंही नाव हात जोडूनच घ्यायचे, त्यांना त्यात काही अडचण वाटायची नाही. मला मात्र ग्रुपवर काय लिहावं ते त्या दिवशी सुचेना. शेवटी लेकीचं वाक्य तसंच टाकलं. एकीने हात जोडल्याची खूण टाकली, बाकी शांतता.

मग मी प्रश्न बदलले. "जैन मेस आहे का?" हे विचारणं सोडलं. विचारायचं ते हे: मेसची समिती मुलं चालवतात का? साडेपाचला ताट मागितलं तर मिळतं का? दशलक्षण भाद्रपदात येतात, त्या आठवड्यात परीक्षा असतात का? आजारी मुलीला रात्री दवाखान्यात कोण नेतं? रॅगिंगविरोधी हमीपत्र सगळीकडेच भरून घेतात, पण पहिल्या वर्षाच्या मुली खरोखर कुणाकडे तक्रार घेऊन जातात? ही उत्तरं माहितीपत्रकात नसतात. दुसऱ्या वर्षातल्या मुलीला फोन लावा. अशाच एका मुलीने सांगितलं, "काकू, आम्ही सहा जणी आहोत, त्यात जैन दोघीच. पण साडेपाचला सहाही जणी जेवतो, रांग नसते ना!" मी फोनवर हसले, ठेवल्यावर डोळे पुसले.

बेंगळुरूचा अर्ज लेकीने आधीच वेगळा भरला होता. ते १९०९ साली टाटांच्या देणगीतून उभं राहिलं. खोपोलीचं वीजघरही टाटांचंच, १९१५चं. त्यामुळे आमच्या ह्यांना ते एकदम घरचं वाटायला लागलं. पसंतीक्रम भरायच्या रात्री तिने पहिलं नाव पुणे टाकलं. दुसरं नाव टाकताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि कोलकाता लिहिलं. तिथे तिच्या आवडीच्या विषयातले शिक्षक आहेत, त्यांची कामं तिने वाचलीत, असं म्हणाली.

"पण तिथे पाचला अंधार," मी.

"मग साडेचारला जेवेन."

"आणि प्रॅक्टिकल चालू असेल तर?"

"तर त्या दिवशी उपास. तूच करतेस ना चतुर्दशीला?"

मी तिरुवनंतपुरम वर घे म्हणणार होते. म्हटलं नाही. तिने बटण दाबलं आणि झोपायला गेली.

निकाल यायचाय. तोवर मी बिनलसणाच्या भडंगाचं प्रमाण लिहून काढलंय, कारण ते हवाबंद डब्यात महिनाभर टिकतं आणि कुठल्याही गावी साडेचारला खाता येतं. चुरमुरे पाव किलो, शेंगदाणे दोन मुठी, कढीपत्ता भरपूर, हिंग जरा सढळ. कृती पुढच्या वेळी सविस्तर देते.