सांकवाळच्या भिंतीसमोर

बेळगावहून गोव्यास आम्ही उभयतां अनेकदा गेलो आहो. कधी लग्नकार्यास, कधी जुन्या गोव्याच्या यात्रेस. परंतु झुआरीकाठच्या सांकवाळ गावी जाण्याचा योग यंदाच्या जानेवारीपर्यंत आला नव्हता. मडगावास आगगाडीतून उतरून आम्ही प्रथम बाणावली गाठली. संत जुझे वाझ यांचे हे आजोळ. 21 एप्रिल 1651 रोजी त्यांचा जन्म येथे झाला आणि येथल्याच संत जॉन बाप्तिस्ताच्या देवळात त्यांना बाप्तिस्मा मिळाला. तेथे घटकाभर बसून आम्ही त्यांच्या पितृगृहाची, सांकवाळची, वाट धरली.

16 जानेवारीचे फेस्त होऊन चार दिवस लोटले होते. मांडव उतरविण्याचे काम चालू होते. खाज्यांचे एकच दुकान उरले होते; तेथून आम्ही एक पुडी घेतली व आरोग्यमातेच्या जुन्या देवळाकडे वळलो. एकोणिसाव्या शतकातील आगीनंतर त्या देवळाची केवळ दर्शनी भिंत राहिली आहे. दारातून पाहावे तर आत वेदी नाही, छप्पर नाही. पलीकडे उघडे आकाश. 1676 साली गुरुदीक्षा मिळताच अनवाणी चालण्याचा नेम धरणाऱ्या या तरुण पाद्र्याने पुढील वर्षी याच गावी पवित्र मरियेचा दास म्हणून स्वतःस लिहून दिले. दास्याचा तो लेख त्यांनी आयुष्यभर पाळला.

त्या काळी सिलोनच्या किनाऱ्यावर वलंदेजांचा अंमल होता आणि कॅथोलिक धर्मगुरूंस तेथे मज्जाव होता. 1687 साली फादर वाझ मजुराच्या वेषात जाफन्यास उतरले. सोबतीस जॉन नावाचा एकच सेवक. पुढे कँडीच्या राज्यात त्यांना पोर्तुगिजांचा हेर समजून कैदेत टाकण्यात आले. याच कँडीत 1697 साली देवीची भयंकर साथ आली. राजा नगर सोडून गेला, धनिक गेले. रोग्यांना आप्तांनीच टाकून दिले. अशा वेळी फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर जुझे कार्व्हालो मागे राहिले. ओस घरांत व उभारलेल्या झोपड्यांत त्यांनी रोगी आणून ठेवले; त्यांना अन्न भरविले, जखमा धुतल्या, मृतांना मूठमाती दिली. त्यांतले बहुसंख्य बौद्ध होते. ज्या नगराने बेड्या घातल्या त्याच नगराचे व्रण त्यांनी धुतले.

हे स्मरत त्या भिंतीसमोर उभे असता आम्हांस आमचीच एक भिंत आठवली. 2021 सालच्या उन्हाळ्यात कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती. आमच्या समोरच्या घरी एकट्या राहणाऱ्या मावशी आजारी पडल्या. त्या आमच्या धर्माच्या नव्हेत. परंतु आमची मुले त्यांच्याच ओट्यावर वाढली. वैद्यांनी दूर राहण्यास सांगितले होते, ते योग्यच होते. परंतु त्यांच्या घराकडील खिडकी बंद करण्यास आम्हांस कोणी सांगितले नव्हते. दूधवाला रोज फाटकावर दूध ठेवून त्यांच्याशी दोन शब्द बोलत उभा राही. आम्ही पडद्याआडून पाहत होतो. मावशी बऱ्या झाल्या. दर संक्रांतीस त्या आमच्या हातावर तिळगूळ ठेवतात. त्याविषयी एक अक्षर आम्ही त्यांच्यापाशी कधी काढले नाही.

वाचकहो, प्रभू येशूने सांगितलेल्या दृष्टांतातील शोमरोनी वाटसरूस आपण सारे ओळखतो. वाटेत पडलेल्या मनुष्यास पाहून बाजूने निघून गेलेले दोघे धर्मनिष्ठच होते, हे मात्र आपण विसरतो. परस्नेह म्हणजे निर्भयता नव्हे. फादर वाझ यांनाही देवी झाली असती. तेही देहधारीच होते. भय असतानाही परक्याचे दुःख आपले मानणे आणि आपल्याने जेवढे जवळ जाववेल तेवढे जाणे, हीच ख्रिस्ती प्रीती. ज्याला फाटकापर्यंतच जाता येते, त्याने निदान फाटकापर्यंत जावे.

फादर वाझ गोव्यास पुन्हा परतले नाहीत. 16 जानेवारी 1711 रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या समाधीची जागा आज कोणास दाखविता येत नाही. 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

बेळगावास परतल्यावर खाज्यांची पुडी घेऊन आम्ही मावशींकडे गेलो व त्या खिडकीची हकिकत सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतं हो. पडदा हलायचा ना! बसा, चहा ठेवते."

आम्ही बसलो. इतकी वर्षे जे अंतर ओलांडवले नाही, ते गल्लीच्या रुंदीएवढेच होते.