नऊ निघाले, एक परतला

राजेहो, हे मला आजवर कोणीच कसं सांगितलं नाही? नागपूरच्या महालातल्या माणसाचं पाणी म्हणजे शुक्रवारी तलाव, आणि पावसाळ्यात फुगलेली नाग नदी. शिडाच्या नौका, त्यांच्या शर्यती, करंडक हे आपलं खातंच नव्हे. पण काल सहज गोल्डन ग्लोब शर्यतीचा इतिहास वाचायला घेतला आणि झोपच उडाली!

साल 1968. लंडनच्या ‘संडे टाइम्स’नं डाव मांडला: एकट्यानं, कुठंही न थांबता, शिडाच्या नौकेतून पृथ्वीला फेरी मारायची. 1 जून ते 31 ऑक्टोबर, हव्या त्या दिवशी निघा. म्हणून बक्षिसंही दोन. पहिला परतेल त्याला गोल्डन ग्लोब करंडक, सर्वांत कमी दिवस घेईल त्याला 5000 पौंड. नऊ जण निघाले. फेरी पुरी करून आला एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. आणि त्याची ‘सुहैली’ बांधलेली कुठं? मुंबईत! सागवानी लाकडात, आपल्या सुतारांच्या हातची! लांबी जेमतेम 32 फूट, आमच्याकडच्या जुन्या वाड्याच्या ओसरीएवढी. खरं तर त्याला नवी नौका हवी होती. पैसे लावणारा कोणी भेटेना, म्हणून हिलाच घेऊन निघाला.

अटलांटिकमध्ये फळ्यांच्या फटीतून पाणी आत यायला लागलं. गडी सरळ समुद्रात उतरला. श्वास रोखून खाली जायचं, फटीवर कॅनव्हासची पट्टी धरायची, तांब्याचे खिळे ठोकायचे, वर यायचं, पुन्हा बुडी. तेवढ्यात शार्क घिरट्या घालायला लागला. हा वर चढला, बंदुकीनं शार्क मारला आणि पुन्हा कामाला लागला! पुढं रेडिओ बंद पडला. साडेचार महिने हा आहे की गेला, घरच्यांनाही पत्ता नाही. 22 एप्रिल 1969 ला, 312 दिवसांनी, फाल्मथला पोचला. दोन्ही बक्षिसं त्याचीच. दुसरा स्पर्धक डोनाल्ड क्रोहर्स्ट मात्र खोटे ठावठिकाणे कळवत राहिला आणि समुद्रातच संपला. नॉक्स-जॉन्स्टननं ते 5000 पौंड त्याच्या कुटुंबाला देऊन टाकले. मला करंडकापेक्षा हेच मोठं वाटलं.

आणि गोष्ट इथं संपत नाही, बाप्पा! फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणारे व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी ध्यास घेतला, भारतीयानंही एकट्यानं जग फिरावं. त्यासाठी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ नौका बांधली. नौदलाचे दिलीप दोंदे शिकायला गेले ते थेट नॉक्स-जॉन्स्टनकडे, आणि 2010 मध्ये फेरी पुरी करून आले! 2013 मध्ये अभिलाष टॉमी त्याच नौकेतून कुठंही न थांबता.

2018 मध्ये ती जुनी शर्यत पन्नास वर्षांनी पुन्हा भरली. टॉमी उतरला तो ‘सुहैली’च्याच आराखड्यावर दांडेकरांनी बांधलेली ‘तुरीया’ घेऊन. दक्षिण हिंदी महासागरात वादळानं डोलकाठी मोडली, पाठीचा कणा दुखावला. पाठीत टायटॅनियमच्या सळ्या घालून हा माणूस 2022 च्या शर्यतीत पुन्हा उतरला आणि 236 दिवसांत दुसरा आला! पहिली कर्स्टन नॉयशेफर. तिनं तर मध्येच शर्यत बाजूला ठेवून, नौका बुडालेल्या फिनलंडच्या स्पर्धकाला तराफ्यावरून उचललं, दुसऱ्या जहाजावर सोपवलं, आणि तरी जिंकली!