साहेबांची शाळा, मिठाच्या गावात

न्यूयॉर्क म्हटले की डोळ्यांपुढे उभ्या राहतात गगनचुंबी इमारती. पण त्याच नावाच्या राज्यात, त्या झगमगाटापासून सुमारे ४०० किलोमीटर वायव्येला सिराक्यूज हे एक मध्यम आकाराचे शहर आहे. पर्यटकांची पावले तिकडे फारशी वळत नाहीत. ऑन्टॅरिओ सरोवरावरून येणारे वारे हिवाळ्यात सरासरी दहा फूट बर्फ या शहरावर ओतून जातात. १९९२-९३ च्या हिवाळ्यात तर १६ फूट बर्फ पडला होता!

अशा गावात उन्हाळा सरता सरता काही आगळेच विद्यार्थी उतरतात. कुणाच्या कानशिलावर पांढरे केस, कुणाच्या बरोबर बायको आणि दोन मुले. मायदेशी कुणी उपसचिव असतो, कुणी पोलीस अधिकारी, कुणी नगरपालिकेचा कारभार सांभाळणारी बाई. दहा-पंधरा वर्षे नोकरी झाल्यावर ही मंडळी सार्वजनिक प्रशासनाची पदव्युत्तर पदवी घ्यायला पुन्हा बाकावर बसायला आलेली असतात.

त्यांची शाळा म्हणजे सिराक्यूज विद्यापीठातील मॅक्सवेल स्कूल. बोस्टनचे वकील आणि उद्योजक जॉर्ज मॅक्सवेल यांच्या देणगीतून ती १९२४ साली सुरू झाली. अनुभवी लोकांसाठी असलेला इथला अभ्यासक्रम साधारण वर्षभराचा. आपल्याशीही या शाळेचे जुने नाते आहे. पंडित नेहरूंच्या काळात भारताच्या राज्यकारभाराची पाहणी करायला जे पॉल ॲपलबी आले होते, ते या शाळेचे डीन. त्यांच्या १९५३ च्या अहवालातील शिफारशीवरून पुढच्याच वर्षी दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली. नंतरच्या काळात भारतातले कितीतरी अधिकारी उलट दिशेने, दिल्लीहून सिराक्यूजला, शिकायला गेले.

इथे आल्यावर पहिला धक्का बसतो तो फावड्याचा. सकाळी दारासमोरचा बर्फ ज्याचा त्याने उपसायचा. शिपाई नाही, लाल दिव्याची गाडी तर नाहीच. (आपल्याकडचे लाल दिवेही २०१७ साली उतरलेच म्हणा!) विद्यापीठ टेकडीवर. जवळच्या वेस्टकॉट भागातल्या जुन्या लाकडी घरात भाड्याच्या दोन खोल्या घ्यायच्या, कपडे धुवायला नाण्यांवर चालणारे यंत्र शोधायचे, आणि पाठीला पिशवी लावून चढ चढायचा. हातातले काम सोडून पाहायला येणारे कुणी नसते, हे एका अर्थी बरेच.

दुसरा धक्का वर्गात. ज्याच्या एका शब्दावर जिल्हा हलत असे, त्याचा मुद्दा शेजारची पंचविशीतली मुलगी सगळ्यांसमोर खोडून काढते, आणि प्राध्यापक मान डोलावतात. प्राध्यापकांना तर सगळे पहिल्या नावानेच हाक मारतात. एखाद्या वस्तीचा, एखाद्या धरणाचा प्रश्न पुढे ठेवला जातो. ‘आदेश काढीन’ हे उत्तर इथे चालत नाही. आदेश कुणाला भोवेल, खर्च कोण सोसेल, आणि तुमची बदली झाल्यावर काय होईल, ते सांगा म्हणतात. वयाच्या चाळिशीत आकडेशास्त्राची परीक्षा देताना हात कापतात ते वेगळेच.

मॅक्सवेल हॉलच्या दालनात जॉर्ज वॉशिंग्टन यांचा पुतळा आहे आणि भिंतीवर प्राचीन अथेन्सच्या तरुणांची शपथ कोरलेली आहे. हाती आले त्यापेक्षा चांगले आणि सुंदर शहर पुढच्यांच्या स्वाधीन करू, असा तिचा आशय. वाचायला सोपी. पण दाराबाहेर पडून गावात हिंडले की ही शपथ किती महाग पडते ते कळू लागते, आणि खरे शिक्षण बहुधा तिथेच होते.

सिराक्यूज हे मिठाचे गाव. ऑनन्डागा सरोवराकाठी खाऱ्या पाण्याचे झरे होते. एकोणिसाव्या शतकात ते पाणी आटवून मीठ देशभर जाई. सरकारने मिठावर कर बसवला आणि त्यातला पैसा एरी कालव्याकडे वळवला. कालवा १८२५ साली पुरा झाला. दांडीची आठवण मनात घेऊन आलेला भारतीय इथे क्षणभर थबकतोच! कालवा शहरातून गेला म्हणून शहर वाढले. पुढे तो बुजवून वर रस्ता केला गेला. जिथे नावांचे वजन करून जकात ठरवत, ती १८५० ची इमारत आता संग्रहालय आहे.

सरोवराची कहाणी मात्र सुखाची नाही. ऑनन्डागा लोकांसाठी ते पवित्र. त्यात कारखान्यांचा रासायनिक गाळ आणि पारा गेला, शहराचे सांडपाणीही गेले. १९४० साली पोहण्यावर बंदी आली, १९७० साली मासेमारीवर. तळातला विषारी गाळ उपसण्याचे काम २०१२ साली सुरू झाले. एवढ्या वर्षांत किती फायली फिरल्या असतील, हे इथल्या साहेब-विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागत नाही.

टेकडीवरून बाजाराकडे उतरताना आंतरराज्य मार्ग ८१ चा उंच पूल आडवा येतो. १९६० च्या दशकात तो बांधला तेव्हा पंधराव्या वॉर्डातली कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती उठवली गेली. शेकडो कुटुंबे गेली, दुकाने गेली, देवळे गेली. तो निर्णय काही गुंडांनी घेतला नव्हता. नकाशे आणि आकडे समोर ठेवून शिकलेल्या माणसांनीच घेतला होता. आता तो पूल पाडून जमिनीवरून रस्ता न्यायचे ठरले असून त्या कामाला २०२३ मध्ये सुरुवात झाली. ज्याने स्वतः कधी भूसंपादनाच्या कागदावर सही केली आहे, त्याला या पुलाखालून किराणा घेऊन येताना आपले एखादे गाव आठवल्याशिवाय राहत नाही.

गावाच्या पश्चिमेला टिपरेरी हिल ही आयरिश वस्ती. इथला चौकातला दिवा बघायला मुद्दाम जावे. १९२० च्या दशकात तो बसवला, तेव्हा नेहमीसारखा लाल वर, हिरवा खाली. लाल इंग्रजांचा, हिरवा आयर्लंडचा! इंग्रजांचा रंग आमच्या डोक्यावर नको म्हणून पोरांनी दगड मारून तो फोडला. नवा बसवला, तोही फोडला. शेवटी नगरपालिकेने हार मानली आणि हिरवा दिवा वर चढवला. आजही तो तसाच आहे. शेजारच्या कोपऱ्यावर त्या दगडफेक्यांचे स्मारक आहे, १९९७ साली उभारलेले. आयरिश वडील मुलांना बोटाने तो दिवा दाखवत आहेत. भारतातून आलेले अधिकारी त्याच्या पायथ्याशी उभे राहून फोटो काढतात, आणि दिवा हिरवा झाला की रस्ता ओलांडून बस धरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा असते.