जुनी गाडी, नवा शक

नव्या मोटारीचें पहिलें सर्व्हिसिंग हा एक समारंभ असतो. जुनी म्हणून विकत घेतलेल्या मोटारीचें पहिलें सर्व्हिसिंग ही एक चौकशी असते. नवी गाडी घेणारा गृहस्थ ठरल्या दिवशीं कंपनीच्या कारखान्यांत जातो, तेथें त्यास गार खोलींत बसवून चहा देतात, आणि दोन तासांनीं गाडी होती तशीच, पण धुऊन, त्याच्या स्वाधीन करतात. त्या गाडीस अद्याप पूर्वचरित्रच नसल्यामुळें तिच्यांत शोधून काढण्यासारखें कांहीं नसतें. दुसऱ्याच्या हातून आलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिच्या आयुष्याचीं पहिलीं आठदहा वर्षें कोणा अनोळखी माणसाच्या संगतींत गेलेलीं असतात, आणि त्या वर्षांचा जो वृत्तांत आपल्या कानीं पडतो तो विकणाऱ्याच्या तोंडून. विकणाऱ्याचें तोंड हें ऐतिहासिक साधन म्हणून कितपत विश्वसनीय मानावें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

जुन्या गाड्यांच्या बाजारांत चार दिवस फिरल्यावर आमच्या असें ध्यानांत आलें कीं, पुणें शहरांतील यच्चयावत् जुन्या गाड्या डॉक्टरांनीं, बँकेंतील अधिकाऱ्यांनीं, किंवा मुलें परदेशीं गेलेल्या आईबापांनींच वापरलेल्या असतात. रात्रंदिवस भाड्यानें पळालेली किंवा शिकाऊ हातांनीं गिअर खरवडलेली गाडी त्या बाजारांत औषधालाहि सांपडत नाहीं. आम्हीं २०२४ सालीं घेतलेली लहानशी गाडीहि या नियमास अपवाद नव्हती. ती २०१६ सालची असून एका निवृत्त बँक अधिकाऱ्याची होती, आणि ते गृहस्थ तिचा उपयोग केवळ गुरुवारीं देवदर्शनास जाण्यापुरता करीत, असें विक्रेत्यानें सांगितलें. अंतरमापकावर आंकडा होता ३८,२४०. आमच्या पत्नीनें तेथल्या तेथें हिशेब केला. आठ वर्षांचे गुरुवार ४१६. म्हणजे दर गुरुवारीं नव्वदांवर किलोमीटर. "देव बराच लांबचा दिसतो," एवढेंच ती म्हणाली. विक्रेता हंसला, पण आंकड्याविषयीं पुढें कांहीं बोलला नाहीं.

गाडी घेण्याचें कारण मात्र हंसण्यासारखें नव्हतें. आमची वडील बहीण साताऱ्यास एकटी राहते. दर पंधरवड्यास तिला तपासणीसाठीं पुण्यास आणावें लागतें, आणि एस्. टी.च्या पायऱ्या आतां तिला चढवत नाहींत. वाटेंत खंबाटकीचा घाट आहे, उतार आहेत, आणि उतारावर मागून येणारे मालट्रक आहेत. त्यामुळें आम्हीं गाडीचा रंग पाहिला नव्हता, कीं आंतील गाण्याचें यंत्र पाहिलें नव्हतें; आणि अंतरमापकाच्या आंकड्यावर भाव तर मुळींच ठरविला नव्हता. गाडी आठ वर्षांची आहे व सरळ चालते, एवढ्यावरच भाव दिला. कागदोपत्रीं ती आमची झाली होती. नमुना २९ व नमुना ३० यांवर सह्या झाल्या, विम्यावरील नांव बदललें. परंतु कागदानें वस्तु आपली होते ती सरकारापुरती. घाटांत घालण्यापूर्वीं तिची एकवार पुरती झडती व्हावी, असा आमचा आग्रह होता.

ही झडती कोणाकडे सोंपवावी, याविषयीं घरांत दोन पक्ष पडले. आमच्या कन्येचा कौल कंपनीच्या कारखान्यास होता. तेथील हिशेब चोख असतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तेथें आपली गाडी कांचेपलीकडे नाहींशी होते, आणि परत येते तेव्हां तिच्याबरोबर एक छापील यादी येते. त्या यादीवरून काय केलें तें कळतें. काय दिसलें तें कळत नाहीं. आम्हांस तें दुसरेंच हवें होतें. म्हणून आम्हीं घराजवळच्या एका गॅरेजांत गेलों. तेथील मिस्त्री साठीच्या घरांतले. कानावर पेन्सिल, हाताखालीं दोन मुलगे, आणि बोलणें अगदीं मोजकें. त्यांनीं पहिली गोष्ट सांगितली ती ही कीं, "सर, आज दुसरं काम काढूं नका. इथंच थांबा." आम्हीं एक स्टूल घेऊन बसलों.

आमचा विषय वाङ्मयाचा. जुन्या ग्रंथाचा काल ठरवितांना बहिःप्रमाण व अंतःप्रमाण असे दोन प्रकारचे पुरावे पाहावे लागतात, हें विद्यार्थ्यांस सांगण्यांत आमचीं पंचवीसएक वर्षें गेलीं. आमच्याच पुण्यांत भांडारकर संस्थेनें महाभारताची संशोधित आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली ती १९६६ सालीं पुरी केली. ठिकठिकाणच्या पोथ्या ताडून कोणता श्लोक मूळचा व कोणता मागाहून घुसडलेला, हें पंडितांनीं ठरविलें. हें शास्त्र पाना व चिंधी यांच्या साहाय्यानेंहि चालवितां येतें, हें आम्हांस त्या सकाळीं कळलें. मिस्त्रींनीं अंतरमापकाकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. त्यांनीं प्रथम पाहिलीं तीं पायाखालचीं पेडलें. क्लचच्या पेडलावरील रबराची नक्षी इतकी झिजलेली होती कीं, तें रबर नदींतल्या गोट्यासारखें गुळगुळीत झालें होतें. मग ते टायरांकडे वळले. टायरच्या अंगावर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, दुसरे दोन वर्षाचे. पुढचे दोन टायर २०२२ सालचे निघाले व मागचे २०१९ सालचे. डिकींत ठेवलेल्या जादा चाकावर मात्र ४११५ असें होतें, म्हणजे २०१५ सालचा एकेचाळिसावा आठवडा. तेवढें एक चाक काय तें मूळच्या संहितेंतलें. बाकीचे सारे पाठ मागाहूनचे. नुसत्या गुरुवारांनीं मूळचे चारहि टायर झिजत नाहींत.

नंतर त्यांनीं समोरचा लहान खण उतरवून गार वाऱ्याची जाळी बाहेर काढली. ती गुलमोहराच्या बारीक पानांनीं गच्च भरली होती. आमचा बँक अधिकारी, तो बँकेंत असो वा नसो, आपली गाडी गुलमोहराखालीं उभी करीत असे, हें सिद्ध झालें. आसनांच्या फटींतून एक केसांचा चाप, अर्धी पेन्सिल व दोन नाणीं निघालीं. घरांत लहान मुलगी होती तर! ज्या माणसास आम्हीं कधीं पाहिलें नाहीं, त्याच्या संसारांत आपण असे मागल्या दारानें शिरत आहों, याचा आम्हांस किंचित् संकोच वाटूं लागला. पण खरें प्रमाण पुढेंच होतें. पुढचें झांकण वर करून मिस्त्रींनीं त्याच्या आंतल्या बाजूवरचा थर चिंधीनें पुसला, तों खालून एक जुनी चिठ्ठी दिसूं लागली. पूर्वींच्या कोणा कारागिरानें ऑइल बदलतांना ती चिकटविलेली होती. शाई पुसट झाली होती, तरी आंकडा वाचतां येत होता: पुढील ऑइल बदल, ८४,५०० किलोमीटर.

आम्हीं कांहीं वेळ त्या चिठ्ठीकडे व मिस्त्रींकडे आळीपाळीनें पाहत राहिलों. पंधरवड्यांतून एकदां ज्या गाडींत बहिणीस बसवावयाचें, तिनें पृथ्वीस दोन प्रदक्षिणा घातलेल्या होत्या, आणि तें कोणी तरी पुसून टाकलें होतें. गाडी परत करावी काय, हा प्रश्न आम्हीं विचारला. तेव्हां मिस्त्रींनीं लगेच उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं तिन्ही सिलिंडरांचे प्लग काढले, प्रत्येक छिद्रांत दाब मोजण्याचें घड्याळ बसविलें, आणि मुलास चावी फिरवावयास सांगितली. तिन्ही ठिकाणीं कांटा जवळजवळ एकाच खुणेपर्यंत चढला. प्लग पुनः बसवून यंत्र चालूं केलें व मागें जाऊन धुराचा रंग पाहिला. निळसर झांक असती तर यंत्र ऑइल जाळीत आहे असें ठरलें असतें. ती नव्हती. मग हात पुसत ते म्हणाले, "सर, आंकडा खोटा आहे. गाडी खोटी नाहीं. ज्यानं वापरली त्यानं वेळच्या वेळीं ऑइल बदललंय."

विक्रेत्यास फोन केला. त्यानें प्रथम आश्चर्य दाखविलें, नंतर मीटर पूर्वीं केव्हां तरी बदलला असावा असें अनुमान केलें, आणि चिठ्ठीचें छायाचित्र व ग्राहक संरक्षणाचा २०१९ सालचा कायदा यांचा उल्लेख आमच्या कन्येनें केल्यावर पंधरा हजार रुपये परत केले. त्या बोलाचालीचा वृत्तांत येथें देण्यांत अर्थ नाहीं.

पण आंकडा खोटा ठरल्यामुळें एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. गाडींतली प्रत्येक वस्तु अमुक इतक्या किलोमीटरांनीं बदलावी, असा पंचांगासारखा नियम असतो. मूळ गणनाच नष्ट झाल्यावर तें पंचांग निरुपयोगी होतें. अशा वेळीं एकच उपाय, तो म्हणजे नवा शक सुरू करणें. जें जें ओतलेलें तें तें काढून नवें ओतावयाचें, आणि आजचा दिवस शून्य धरावयाचा. शक सुरू करण्यास पराक्रम लागतो असा आमचा आजवर समज होता. येथें तो निव्वळ अज्ञानाच्या बळावर सुरू करतां आला.

यंत्र जरा तापवून खालची चकती उघडली तेव्हां काळें ऑइल धारेनें बाहेर पडलें. मिस्त्रींनीं त्याचा एक थेंब अंगठा व तर्जनी यांमध्यें चोळून पाहिला. ऑइल काळें होतें याचा त्यांस राग नव्हता. काळें होणें हें त्याचें कामच, तें मळ आपल्या अंगावर घेतें. त्यांस पाहावयाची होती ती धातूची कचकच. ती लागली नाहीं. ऑइलची गाळणी, हवेची गाळणी, प्लग, कुलंट, गिअरचें ऑइल, हीं सारीं बदललीं. कुलंटमध्यें कोणी तरी नळाचें पाणी मिसळलें होतें, त्याबद्दल मिस्त्रींनीं त्या अज्ञात गृहस्थास एक शब्द वापरला. तो आम्हीं येथें गाळतों.

सर्वांत अधिक वेळ गेला तो ब्रेकवर. ब्रेकच्या नळ्यांत जो द्रव असतो त्यास सर्वत्र ब्रेक ऑइल म्हणतात, पण तें तेल नव्हे, आणि त्याचा एक वाईट गुण असा कीं तें हवेंतला ओलावा शोषून घेतें. सपाट रस्त्यावर याचें कांहीं वाटत नाहीं. परंतु लांब उतारावर ब्रेक सारखे दाबले म्हणजे तापतात, द्रवांतल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळें पेडल पायाखालीं खुशाल खालीं जातें व गाडी मात्र थांबत नाहीं. आमच्या गाडींतला हा द्रव नवेपणीं फिकट पिंवळा असावयाचा, तो कोऱ्या चहासारखा झाला होता. पुढचीं पॅडेंहि जवळजवळ पत्र्यापर्यंत झिजलीं होतीं. खंबाटकीच्या उतारावर बहीण शेजारीं बसलेली असतां तो चहा उकळला असता, हा विचार मनांत येऊन आम्हीं स्टुलावरून उठलों.

उठलेल्या माणसास त्या गॅरेजांत काम मिळतें. जुना द्रव काढतांना एकानें आंत बसून पेडल दाबावें लागतें व दुसऱ्यानें चाकाशीं बसून लहानशी निपल उघडावी लागते. एक मुलगा जेवावयास गेला होता. सबब आम्हांस चालकाच्या आसनावर बसविण्यांत आलें. "दाबा. धरा. धरून ठेवा, सर! आतां सोडा." प्रथम सर्वांत लांबचें मागचें चाक, मग दुसरें मागचें, मग पुढचीं. इतरांस आज्ञा देण्यांत आयुष्य गेलेल्या माणसानें अर्धा तास अशा आज्ञा पाळाव्या, यांत आरोग्य आहे. हळूहळू पेडल कठीण होत गेलें, आणि शेवटीं पायाखालीं दगड लागावा तसें लागलें.

मोटारीचें रस्त्यावरचें पहिलें सर्व्हिसिंग एका बाईनें केलें, आणि त्यांतहि ब्रेक होतेच. कार्ल बेंझ यांनीं १८८६ सालीं आपल्या गाडीचें पेटंट मिळविलें. पण ती लांबवर जाईल यावर लोकांचा विश्वास बसेना. १८८८ सालच्या ऑगस्टांत त्यांची पत्नी बर्था हिनें यजमानांस न सांगतां दोन्ही मुलांस गाडींत घातलें व मानहाइमहून फोर्झहाइम येथील माहेर गांठलें. हें अंतर शंभर किलोमीटरांच्या आसपास. वाटेंत इंधनाची नळी तुंबली ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली; तारेवरील वेष्टण झिजलें तेथें मोज्याचा बंद गुंडाळला; इंधन औषधाच्या दुकानांतून विकत घेतलें; आणि लांकडी ब्रेक झिजले तेव्हां एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. आमच्या पत्नीस ही कथा फार आवडते. पॅडें बदलून झाल्यावर गाडी प्रथम कोणी चालवून पाहावी, याचा निर्णय तिनें त्या कथेच्या आधारेंच लावला व चावी आपल्याकडे घेतली.

बिल ९,४०० रुपये झालें. बॅटरी व क्लच यांविषयीं आम्हीं विचारलें असतां मिस्त्रींनीं दोन्ही नाकारलीं. क्लच अजून वर्षभर चालेल, उगीच पैसे घालूं नका, असें म्हणाले. काम नाकारणारा कारागीर भेटला म्हणजे त्याच्या बाकीच्या सगळ्या म्हणण्यावर विश्वास बसतो. डिकींतला ४११५ टायर मात्र त्यांनीं आग्रहानें बदलावयास लावला. नवी चिठ्ठी चिकटवितांना ते थोडे अडखळले, कारण तिच्यावर कोणता आंकडा घालावा हा प्रश्नच होता. शेवटीं आंकडा गाळून त्यांनीं केवळ तारीख लिहिली. जुनी चिठ्ठी खरवडून काढूं काय, असें विचारलें. आम्हीं ती राहूं द्यावयास सांगितलें.

पुढल्या पंधरवड्यास साताऱ्याची फेरी झाली. येतांना बहीण पुढच्या आसनावर उशी घेऊन बसली होती व गाडी आमची पत्नी चालवीत होती. उतारावर एक ट्रक एकाएकीं मंदावला. गाडी जागच्या जागीं थांबली. बहिणीनें डोळे उघडले. "अगं, जरा हळूं लाव कीं ब्रेक," ती म्हणाली, "आत्तां कुठं डोळा लागला होता."