गोगलगायीचा मोठा भाऊ

२०१३ साली ड्रीमवर्क्सचा ‘टर्बो’ आला. थिओ नावाची बागेतली गोगलगाय अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या मोटार शर्यतीत उतरते, एवढीच गोष्ट. समीक्षकांनी चित्रांचे कौतुक केले, पण कथा ठरावीक साच्याची ठरवली; ‘कार्स’ आणि ‘रॅटाटुई’ची आठवण काढली. तक्रार खोटी नाही. दुबळा जिंकणार, हे आधीच कळते.

मुलांबरोबर पाहताना माझे लक्ष मात्र थिओच्या मोठ्या भावाकडे, चेटकडे होते. तो थिओला सारखा अडवतो.

“अब्बा, चेट वाईट आहे का?” मुलाने विचारले.

“नाही बेटा, त्याला भावाची काळजी वाटते.”

शेवटी थिओचा वेग जातो आणि तो कवचात अंग चोरून घेतो. तेव्हा ‘हार मानू नकोस’ म्हणायला हाच भित्रा चेट धावतो.

माझी धाकटी बहीण पुढच्या महिन्यात शिकायला परगावी निघाली आहे. “इतक्या लांब कशाला?” असे अम्मी रोज म्हणते. त्यात काळजीच आहे. पण ‘जा, शीक’ हे शब्दही तिच्याच तोंडून निघाले, तर बहिणीला जास्त बळ येईल. म्हणून स्टेशनवर सोडायला अम्मीलाच घेऊन जाणार आहे.